वतनाच्या रजिस्टरातली वंशावळ

महाराष्ट्रात कुलवृत्तांत लिहिण्याची मोठी परंपरा आहे. एखादे घराणे कोकणातून घाटावर केव्हा आले, मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, त्यांतल्या कोणी सरदारकी केली, कोणी सावकारी केली, कोणाला कोणते इनाम मिळाले, ह्याची जाडजूड बाडे छापली गेली आहेत. जुन्या नगरवाचनालयात त्यांचे एखादे कपाट तरी असतेच. ह्या ग्रंथांना मी नावे ठेवत नाही. ज्यांनी ते सिद्ध केले त्यांनी उन्हातान्हात गावोगाव हिंडून, सनदा उतरवून घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते करून ते सिद्ध केले आहेत. संशोधकाला त्यांचा उपयोग होतो, मलाही झाला आहे. पण ह्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या दलित विद्यार्थ्याच्या मनात काय येते, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. त्याच्या मनात येते ते असे, की ह्यांना पूर्वज होते, आपल्याला फक्त जात होती.

ही समजूत खोटी आहे. आमचे पूर्वज कागदावर आहेत. फक्त ते वेगळ्या कागदावर आहेत, आणि तो कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या नावाने, कोणत्या लिपीत पडला आहे हे आम्हांला कोणी सांगितलेले नाही. माझ्या वडिलांना सही येत होती, आजोबांचा अंगठा होता. त्यापलीकडचे नाव विचारले तर घरात दोन वेगवेगळी उत्तरे मिळत. मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा पानिपतावर कोण कोणत्या फळीत होते हे मला तोंडपाठ होते आणि स्वतःच्या पणज्याचे नाव मला ठाऊक नव्हते. पुढची सात-आठ वर्षे सुट्टीत मी जे शोधत हिंडलो, त्याचा हिशेब येथे मांडतो आहे. तो केवळ माझ्या घराण्याचा नाही. ह्या वाटेने दुसऱ्या कोणाला जायचे असेल तर त्याच्या उपयोगी पडावा, एवढाच हेतू आहे.

वंशावळ शोधणारा सवर्ण माणूस आधी घरातली पेटी उघडतो आणि मग तीर्थाच्या ठिकाणी जातो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यानपिढ्यांची नावे गावावार लिहिलेली असतात. यजमानाने गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय वही काढतो आणि खापरपणज्याची नोंद वाचून दाखवतो. आता ज्यांना पंढरपुरात चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावे लागे, ज्यांना 1930 साली नाशिकच्या काळारामाच्या दारात सत्याग्रह करून लाठ्या-दगड खावे लागले, त्यांची नावे त्या वह्यांत कोणत्या पानावर शोधायची? राहिली घरातली पेटी. जिथे घर दर दहा-वीस वर्षांनी शाकारावे लागते, जिथे दुष्काळात गाव सोडावे लागते, तिथे पेटी कुठली? मांगवाड्यात डक्कलवार येऊन जांबपुराण सांगत, तोंडी परंपरा सांभाळत. त्यांचा तो ठेवा मौखिक होता, आणि ऐकणारेच शहराला गेले तेव्हा सांगणाऱ्याच्या पोटापाण्याबरोबर तोही गेला.

म्हणजे उरला सरकारी दप्तरखाना. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. ज्या व्यवस्थेने आम्हांला गावाबाहेर ठेवले तिला आमची नावे लिहून ठेवणे भाग होते. कारण आम्ही तिचे काम करत होतो. महार हा बलुतेदार होता, वतनदार होता. गावची शीव दाखवायची, सारा पोचवायचा, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, येसकरकी करायची, मेलेले ढोर ओढायचे, आणि त्याबद्दल हाडकी-हाडोळ्याची जमीन नि घरटी भाकर घ्यायची. ह्या कामाची पाळी कोणाची, जमिनीत हिस्सा कोणाचा, हा तंटा कायमचा. तंटा आला की चौकशी आली, चौकशी आली की जबानी आली, आणि जबानीत बापाचे नाव सांगावेच लागते.

1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानंतर ह्या नोंदींना शिस्त आली. गावोगावच्या वतनांची रजिस्टरे झाली. त्यांत वतनाचा प्रकार, जमिनीचा सर्व्हे नंबर, आकार, तक्षीमदारांची नावे. वतनदार मेला की वारस चौकशी आणि तिच्यासोबत पुष्कळदा शेजरा, म्हणजे वंशवृक्ष. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात ज्या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले तो हाच कायदा. महार वतन ही गुलामगिरीची बेडी आहे हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले, आणि ते अक्षरशः खरे होते. त्या बेडीचा तपशील मात्र सरकारने इतक्या काळजीने लिहून ठेवला, की आज आमच्या चार-पाच पिढ्यांची नावे त्या बेडीच्या कड्या मोजता मोजताच मिळतात. कुलवृत्तांतवाल्यांना सनदेत पूर्वज सापडतो, आम्हांला तो वेठीच्या पाळीत सापडतो.

माझे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, दुष्काळी पट्ट्यातले. गावचे जुने दप्तर कुलकर्ण्यांच्या वाड्यात असे. 1948 साली गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्यांत तो वाडाही गेला असे जुनी माणसे सांगतात. जाळपोळ करणाऱ्यांना वाटले असेल की आपण ब्राह्मणाचे घर जाळतो आहोत. त्या घरात महारवाड्याचा, मांगवाड्याचा, साऱ्या अठरापगड गावाचा कागद होता, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. इतिहासाच्या साधनांचा प्रश्न जातीच्या रागाने कसा बिघडतो ह्याचा हा आमच्याच जिल्ह्यातला दाखला आहे. आपल्या चळवळीतल्या मित्रांना तो कडू लागेल, पण तो सांगितला पाहिजे.

गावचे गेले तरी तालुक्याचे राहिले होते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मला वतनाचे रजिस्टर मिळाले. ते कोणत्या कचेरीत मिळाले हे सांगत नाही, कारण पुढची गोष्ट सांगायची आहे. तीन खेपा परत पाठवल्यानंतर तेथल्या कारकुनाने मला विचारले, ‘‘जात पडताळणीसाठी पाहिजे का?’’ मी म्हटले, ‘‘नाही, इतिहासासाठी.’’ तो माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, ‘‘तुमच्यातलं कुणी इतिहासासाठी येत नाही, सर.’’ त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याचा अनुभवच तसा होता, आणि मला त्या कारकुनाचा राग आला नाही, आपल्या साऱ्यांचा आला.

रजिस्टरात आमच्या गावच्या महार वतनाच्या चार तक्षिमा निघाल्या. दुसऱ्या तक्षिमेत माझ्या खापरपणज्याचे नाव, पुढे ‘बिन’ आणि त्याच्या बापाचे नाव. आडनाव नाही. नावाला शेवटी ‘नाक’ जोडलेला. हा ‘नाक’ पुढच्या पिढीत गळून पडलेला दिसतो. चौकशीच्या कागदांत आणखी एक गोष्ट दिसली. मांगांनी अर्ज दिला होता की अमुक हक्क आमचा असताना महार तो दडपतात. त्यावर महारांची जबानी, त्यांतले एक तोंड माझ्याच घरातले. पाटील-कुलकर्ण्यांनी दोघांना झुंजवत ठेवले हे म्हणणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु माझ्या पूर्वजाने त्या जबानीत मांगाविषयी जे शब्द वापरले आहेत ते पाटलाने त्याच्या तोंडात घातलेले नव्हते. वंशावळ शोधायची तर हेही पदरात घ्यावे लागते. कुलवृत्तांतकारांनी आपल्या पूर्वजांची अशी पाने बहुधा गाळली. आपण गाळू नयेत.

स्त्रियांचे काय, हा प्रश्न मला माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला. रजिस्टरात स्त्री येते ती विधवा म्हणून, वारस म्हणून, तीही मुलगा अज्ञान असेल तर. चार पिढ्यांच्या पुरुषांची नावे मला मिळाली, बायकांची मिळाली फक्त दोन. वतनाचे रजिस्टर येथे मुके आहे. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि बाबासाहेबांवरच्या पुष्कळ ओव्या दलित बायकांनी गाइलेल्या आहेत, त्यांच्या नावागावासह. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना शोधून, घरी जाऊन, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली सिद्ध केले. त्यांनी काही वर्षे आणखी थांबायचे ठरवले असते तर त्यांतल्या किती जणी भेटल्या असत्या?

पुण्याच्या पुराभिलेखागाराबद्दल थोडे सविस्तर लिहितो. त्याला आजही लोक पेशवे दप्तर म्हणतात. इमारत 1891 ची. आत रुमालांच्या रांगा. कागद ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात आणि असे हजारो रुमाल तेथे आहेत. नुसते पेशव्यांचे दप्तर नव्हे, सातारा महाराजांचे दप्तर आहे, इनाम कमिशनने वतनदारांकडून गोळा केलेल्या कागदांचे जमाव दप्तर आहे. इंग्रज सरकारने हे भांडार इकडच्या अभ्यासकांना फार काळ मोकळे केले नाही. पुढे गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 ह्या काळात निवडक कागदांचे 45 खंड निघाले. हे काम डोंगराएवढे आहे. पण त्यातले बहुतेक खंड राजकारणाने आणि मोहिमांनी भरले आहेत. गावच्या शिवेवर कोणी दिव्य केले, महाराने कोणती शीव दाखवली, कोणाच्या लग्नाच्या वरातीवरून तंटा झाला, हे कागद निवडणाराला ‘निवडक’ वाटले नाहीत. ते अजून रुमालात आहेत.

ते कोणी वाचले? आमच्यापैकी फारच थोड्यांनी. जपानचे हिरोयुकी कोतानी ह्यांच्यासारखे अभ्यासक इकडे आले, मराठी कागदपत्रांत त्यांनी वर्षानुवर्षे घालवली, आणि मराठी मुलखातल्या बलुत्यावर, वतनावर, अस्पृश्यतेवर ग्रंथ लिहिले. अमेरिकेच्या एलिनॉर झेलियट ह्यांनी आंबेडकरी चळवळीवर 1969 साली प्रबंध पुरा केला तेव्हा ह्या विषयाकडे आपल्या विद्यापीठांतल्या किती इतिहास विभागांचे लक्ष होते? परक्यांनी आमच्यावर लिहिले ही तक्रार नाही, त्यांचे उपकारच आहेत. तक्रार ही आहे की मोडी शिकायला फार तर दोन-तीन महिने लागतात, आणि एम. ए. झालेली आमची मुले तेवढे महिने स्पर्धा परीक्षेच्या एका नोटेवर घालवतात. मोडी शिकवा म्हटले की विद्यार्थी विचारतात, नोकरी लागेल का? 2023 साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने सबंध राज्यात जुनी दप्तरे उघडली तेव्हा मोडी वाचणारे शोधता शोधता कचेऱ्यांची तारांबळ उडाली. तेव्हा हा प्रश्न विचारणारे थोडे गप्प झाले. मराठवाड्यातल्या मित्रांची अडचण वेगळी आहे. तिकडचा निजामी काळातला कागद उर्दूत आणि फारसीत आहे, बराचसा हैदराबादेत आहे. त्यांना 1954-55 च्या खासरा पत्रकापासून मागे मागे जावे लागते.

लिपीची अडचण नसलेला एक दस्तऐवज मात्र उघड्यावर उभा आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावरची नावे. तेथे आपण 1 जानेवारीला लाखोंनी जातो, अभिवादन करतो, परत येतो. ती नावे थांबून वाचणारे किती? कंपनीच्या फौजेतल्या मृतांमध्ये ‘नाक’ शेवट असलेली बावीसएक नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक बापाच्या नावासह आहेत. रामनाक येसनाक, असे. म्हणजे 1818 साली मेलेल्या माणसाच्या मागची एक पिढी दगडात कोरलेली आहे. गाव दिलेले नाही, म्हणून वंशजाला हात लावता येत नाही. पण ‘नाक’ हा शेवट, बापाचे नाव, आडनावाचा अभाव, हा नामविधी माझ्या गावच्या वतन रजिस्टराशी जसाच्या तसा जुळतो. आमची आडनावे उशिराची आहेत, पुष्कळशी शाळेत नाव घालताना किंवा मुंबईला गिरणीत नाव लावताना आलेली, गावाच्या नावाला ‘कर’ जोडून झालेली. आडनावाच्या आधारे जो शोध घ्यायला जाईल तो दोन पिढ्यांत भिंतीला धडकेल. त्याने गाव, तक्षीम आणि बापाचे नाव ह्यांचा माग धरावा.

शाळेचे जनरल रजिस्टर हेही असेच दुर्लक्षित साधन. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी 1914 ह्या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे, आणि ती आज सर्वांना ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या लाकडी कपाटांत पहिल्या पिढीतल्या शेकडो भिवांच्या नोंदी आहेत. जन्मतारीख बहुधा मास्तरांनी लावलेली, 1 जून. अर्धा गाव 1 जूनला जन्मलेला दिसतो. त्या तारखेवर विश्वास ठेवू नये, पण बापाचे नाव, धंदा, गाव आणि शाळा सोडल्याचे कारण वाचावे. कारणाच्या रकान्यात ‘गैरहजर’ हा शब्द पानोपानी येतो. दलित शिक्षणाचा इतिहास लिहिणाराने तो रकाना मोजला पाहिजे.

आता त्या कारकुनाच्या प्रश्नाकडे येतो. जात पडताळणीसाठी आमची मुले दप्तरखान्यात जातात हे खरेच आहे. 2000 सालच्या कायद्याने प्रमाणपत्राची पडताळणी आली आणि अनुसूचित जातीच्या माणसाला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याच्या आज्याने 1956 साली दीक्षा घेतली आणि जात टाकली, त्या नातवाला ती टाकलेली जात आज्याच्या आधीच्या कागदातून परत शोधून आणावी लागते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ होते, आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते. प्रवेशाची मुदत पंधरा दिवसांवर आलेली. शेवटी गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकात, त्याच्या चुलत आजीच्या जन्माची नोंद सापडली, जातीच्या रकान्यात ‘महार’. पोराने ती नक्कल हातात घेतली नि रडला. आनंदाने रडला की आणखी कशाने, मी विचारले नाही. बापलेक दोघेही रोज वंदना घेणारे. त्या एका शब्दाने त्याची इंजिनिअरिंगची जागा वाचली.

ह्यातून एक फार वाईट परिणाम झाला आहे. दप्तर म्हणजे जातीचा पुरावा देणारे यंत्र, एवढाच त्याचा अर्थ आमच्या मुलांच्या मनात राहिला. नक्कल मिळाली की ते त्या पानाकडे पुन्हा पाहत नाहीत. त्याच पानावर वर-खाली गावातल्या प्लेगाचे मृत्यू आहेत, बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत, वर्ष न भरलेली मुले आहेत. मृत्यूच्या कारणाचा रकाना आहे. एका वाड्यातले मृत्यू आणि दुसऱ्या वाड्यातले मृत्यू शेजारी शेजारी मांडता येतात. पडताळणीसाठी काढलेल्या ह्या हजारो नकलांचे पुढे काय होते? फाइल बंद होते आणि नक्कल पेटीत जाते. प्रत्येक गावच्या विहारात ह्या नकलांची एक फाइल ठेवली, तर दहा वर्षांत त्या त्या गावचा दलित इतिहास लिहिण्याइतके साधन जमेल. शासनाने जुने सातबारा आणि फेरफार आता संगणकावर आणले आहेत, त्यामुळे काही कागद घरबसल्या मिळतो. जे स्कॅन झाले नाही ते मात्र वाळवीच्या तोंडी आहे.

आणि आमचे स्वतःचे कागद? ह्या बाबतीत दुसऱ्याला दोष देता येत नाही. चांगदेव खैरमोडे ह्यांनी उभे आयुष्य कागद जमवण्यात घालवले म्हणून बाबासाहेबांचे चरित्र झाले. वसंत मून ह्यांनी हस्तलिखितांच्या आणि जुन्या अंकांच्या मागे धाव घेतली म्हणून 1979 पासून शासनाचे खंड निघू शकले. पण हे एका महापुरुषाच्या कागदांचे झाले. तालुक्याच्या कार्यकर्त्याचे काय? समता सैनिक दलाच्या पावत्या, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निवडणुकीची हँडबिले, जलशाच्या वह्या, पंचायतीचे ठराव, धम्मदीक्षेच्या वेळची वर्गणीची यादी, हे कुठे आहे? मी आमच्या भागात विचारत फिरलो तेव्हा तीन घरांत उत्तर मिळाले, ‘‘होतं की, दादा गेल्यावर दिलं रद्दीत.’’ एका घरात जलशाची वही मिळाली, तिच्या मागच्या पानांवर नातवाने गणिते सोडवली होती. तीही मी झेरॉक्स करून ठेवली आहेत. 1950 च्या दशकातला जलसेकार आणि 1990 च्या दशकातला त्याचा नातू एकाच वहीत आहेत.

माझा शोध अजून पुरा झालेला नाही. वतनाच्या त्या चार तक्षिमांपैकी तिघांची घरे आज गावात आहेत. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने बरखास्त झाली, त्यानंतर जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, त्या फेरफारात तिघांचीच नावे आहेत. चौथ्या तक्षिमेच्या नावापुढे एका वारस चौकशीत ‘परागंदा’ एवढाच शेरा आहे. वर्ष 1897. त्या आधीच्या पावसाळ्यात आमच्याकडे दुष्काळ पडलेला होता आणि मुंबईत प्लेग सुरू झालेला होता, म्हणजे तो भुकेकडून मरीकडे गेला की आणखी कुठे, ते कळत नाही. गावात त्या घराची जागाही कोणाला दाखवता येत नाही. ज्यांच्या घरी पूर्वेकडच्या साताऱ्यातून आलेल्या, 1897 च्या आसपास मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत लागलेल्या पणज्याची आठवण सांगितली जाते, त्यांनी ह्या त्रैमासिकाच्या पत्त्यावर मला लिहावे. शेजऱ्यातली ती एक फांदी रिकामी ठेवून मी बाकीचा कागद पुरा केला आहे.